कंपनी म्हणजे कोण?

‘मुलगा काय करतो?’

‘कंपनीत आहे.’

एवढ्या दोन वाक्यांवर आमच्या पिंपरी-चिंचवडच्या बाजूला निदान दोन पिढ्यांची लग्नं जमली असतील. कोणती कंपनी, तिथे काय बनतं, मुलगा नक्की काय करतो, हे सगळं नंतरचं. ‘कंपनीत’ म्हटलं की ठरलेल्या तारखेला पगार, दिवाळीला बोनस, न्यायला-आणायला बस आणि कँटीनचं जेवण एवढं सगळं त्यात आलंच. मुलीकडचे लोक निवांत होऊन चहाचा कप उचलायचे.

हाच शब्द दिवसभरात किती वेषांत भेटतो बघा. मैत्रीण म्हणते, ‘चल ना मंडईत, जरा कंपनी दे.’ आईचं म्हणणं असतं की त्या अमक्याची कंपनी काही बरी नाही, तू त्याच्यात फार जाऊ नकोस. गॅरेजवाला विचारतो, ‘साहेब, पार्ट कंपनीचा टाकू की लोकल?’ (कुठल्या कंपनीचा हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. जणू जगात कंपनी एकच!) शेजारचा बंड्या आणि त्याची चार टाळकी म्हणजे ‘बंड्या आणि कंपनी’. खोटं खोटं रडणारी भाची म्हणजे ‘नाटक कंपनी’. सैन्यात कंपनी म्हणजे शंभर-सव्वाशे जवानांची तुकडी. आणि मुंबईच्या गुन्हेगारी जगात तर नुसतं ‘कंपनी’ म्हटलं तरी लोक आवाज खाली आणायचे. त्या नावाचा रामगोपाल वर्माचा सिनेमाही २००२ साली येऊन गेला.

संगत, कारखाना, टोळी, पलटण, नाटकवाले. हे सगळे अर्थ एका शब्दात आले कुठून, म्हणून मी एकदा शोधायला बसलो आणि निघाली भाकरी!

खरंच भाकरी. लॅटिनमध्ये ‘कुम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे पाव, भाकरी. त्यावरून ‘कंपानिओ’, म्हणजे ज्याच्याबरोबर बसून आपण भाकरी खातो तो. त्यावरून जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत ‘कंपॅनियन’ आला आणि अशा भाकरखाऊंचा जमाव म्हणून ‘कंपनी’. शब्द लॅटिन असला तरी रोमच्या व्याकरणपंडितांनी घडवलेला दिसत नाही. तो आधी भेटतो फ्रँक नावाच्या जर्मनिक लोकांच्या ‘लेक्स सालिका’ या जुन्या कायद्याच्या पोथ्यांत. अभ्यासकांचं म्हणणं असं की त्या लोकांच्या आपल्या बोलीतल्या शब्दाचंच हे लॅटिन भाषांतर असावं. गॉथिक भाषेत सोबत्याला ‘गाह्लाइबा’ म्हणत. ‘गा’ म्हणजे सह आणि ‘ह्लाइफ’ म्हणजे पावाची लादी. इंग्रजीतला ‘लोफ’ तो हाच. म्हणजे दोन वेगळ्या भाषांना सोबत्याची ओळख एकाच खुणेवरून पटली. आपल्याकडेही ‘एका ताटात जेवणारे’ म्हटलं की आणखी काही सांगावं लागत नाही. आणि पूर्वी कुणाला वाळीत टाकायचं असलं तर त्याचं पंगतीतलं पान उचलायचे, तेही याच हिशेबाने.

या ‘पानिस’चे बाकीचे नातेवाईकही आपल्या ओळखीचेच आहेत. पोर्तुगीजांनी गोव्यात जो ‘पाँव’ आणला तो याच लॅटिन शब्दाचा वंशज, आणि त्याचाच आपला पाव. म्हणजे वडापावातला पाव आणि कंपनी ही चुलत भावंडं. ऑफिसात जिथे चहाचं मशीन आणि बिस्किटांचा डबा असतो ती ‘पँट्री’ही त्याच घरातली, मूळ अर्थ पाव ठेवायची खोली. त्याहून मजा ‘लॉर्ड’ची. हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘ह्लाफवेअर्ड’ होता, म्हणजे भाकरी राखणारा. तो झिजत झिजत ‘लॉर्ड’ झाला आणि आपल्याकडे येऊन ‘लाट’. तेव्हा ‘कंपनीचा लाटसाहेब’ याचं शब्दशः मराठी करायचं तर ‘एकत्र भाकरी खाणाऱ्यांचा भाकरीराखा’ असं होईल. प्रत्यक्षात कुणाची भाकरी कुणी राखली, ते पुढे येतंच आहे.

मध्ययुगात लंडनमध्ये एकेका धंद्यातल्या लोकांचे संघ असत. सोनार, मासेविके, कापडवाले. त्यांनाही ‘कंपनी’च म्हणायचे. प्रत्येक संघाचं स्वतःचं सभागृह आणि त्यात मोठमोठ्या जेवणावळी. यातले बरेच संघ आजही आहेत आणि जेवणावळीही आहेत. तोवर शब्द आपल्या मूळ अर्थाला धरून होता. ३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने ज्या व्यापाऱ्यांना सनद दिली त्यांचं नाव सनदेत ‘गव्हर्नर अँड कंपनी ऑफ मर्चंट्स ऑफ लंडन ट्रेडिंग इंटू द ईस्ट इंडीज’ असं आहे. इथेही ‘कंपनी’ म्हणजे मंडळीच. एक म्होरक्या आणि त्याची मंडळी. दोनशेहून अधिक लोकांनी पैसे घातले होते. सुरुवातीला तर प्रत्येक सफरीचा हिशेब वेगळा. जहाजं परत आली, मिरी विकली गेली की नफा वाटून मोकळे. कायमचं भांडवल एकत्र ठेवायची पद्धत १६५७ नंतर रुजली. माझ्या मते इथेच खरा बदल झाला. माणसं येवोत, मरोत, शेअर विकून निघून जावोत, कंपनी मात्र तिथेच. पंगत उठली तरी पाट मांडलेलेच.

आपल्या लोकांना ही मंडळी पहिल्यांदा दिसली ती वखारवाले म्हणून. राजापूरची त्यांची वखार शिवाजी महाराजांच्या फौजेने १६६१ साली लुटली. १६६८ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने, त्याला पोर्तुगीजांकडून आंदण मिळालेलं मुंबई बेट या कंपनीला दिलं, वर्षाला दहा पौंड भाड्याने. मुंबईतल्या आजच्या घरभाड्यांबद्दल हळहळणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. १६७४ च्या राज्याभिषेकाला याच कंपनीचा हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन रायगडावर हजर होता.

हे लोक साधे व्यापारी नाहीत, हे ओळखणारा माणूस आपल्याकडे होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांबद्दल जे लिहिलंय ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पंतांचं म्हणणं थोडक्यात असं की फिरंगी, इंग्रज, वलंदेज हेही सावकारी करतात खरे, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी राजे आहेत, त्यांना मुलखाचा लोभ आहे, त्यांना किनाऱ्यावर पक्की जागा देऊ नये. प्लासीची लढाई १७५७ ची. म्हणजे तिच्याआधी चाळीसेक वर्षं हे लिहून झालं होतं. व्यापाऱ्याच्या आत राज्य लपलेलं असू शकतं, हे पंतांना दिसलं. इतक्या स्वच्छपणे हे सांगणारं त्या काळचं दुसरं लिखाण निदान माझ्या वाचनात नाही.

जुन्या मराठी कागदांत या कंपनीचं नाव ‘कुंपणी’ किंवा ‘कुंपिणी’ असं येतं. इंग्रज कुंपणी बहादूर. आपल्या लोकांच्या जिभेवर परका शब्द असा बसला की तो थेट ‘कुंपणा’शेजारी जाऊन उभा राहिला. दोघांचं नातं काहीच नाही, नुसता आवाजाचा योगायोग. पण काय योगायोग! ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईला तहावर सही केली. (सनदेचीच तारीख, बरोबर दोनशे दोन वर्षांनी. मधल्या काळात इंग्रजांनी पंचांग बदललं, त्यामुळे काटेकोर हिशेब करणाऱ्यांनी दहा दिवस इकडेतिकडे करून घ्यावेत.) तहात ठरलं काय, तर पेशव्यांच्या रक्षणासाठी कंपनीची तैनाती फौज राहील, निदान सहा हजार पायदळाची, आणि तिच्या खर्चासाठी पेशव्यांनी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा. म्हणजे शेत राखायला कुंपण आणि कुंपणाच्या मजुरीत शेताचा तुकडा. पंधरा वर्षांनी, १७ नोव्हेंबर १८१७ ला, शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढलं. कुंपणानेच शेत खाल्लं ही म्हण आपल्याकडे आहेच. ती या तहावरून पडली असं मुळीच नाही, पण पडली असती तरी शोभली असती.

आणि भाकरी? तिचा हिशेब बंगालात झाला. १७६५ मध्ये बंगालच्या दिवाणीचा, म्हणजे सारावसुलीचा हक्क कंपनीला मिळाला. १७६९-७० मध्ये पाऊस रुसला, भात गेलं, आणि दुष्काळ पडला. सुमारे एक तृतीयांश लोक गेले, असा अंदाज कंपनीचाच गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये लंडनला कळवला. त्याच पत्रात त्याने हेही सांगितलं की तरीसुद्धा वसुली घटलेली नाही. ती जबरीने टिकवली, हे त्यानेच कबूल केलंय. एकत्र भाकरी खाणारे, हा मूळ अर्थ त्या पत्राशेजारी ठेवून बघा. मला तरी त्यावर आणखी काही लिहायचं सुचत नाही.

१८५७ नंतर राणीने राज्य आपल्या हाती घेतलं. कंपनी उरली ती भागधारकांना लाभांश वाटण्यापुरती, आणि १ जून १८७४ ला तीही विसर्जित झाली. पण शब्द कुठला मरतोय! मधल्या काळात तो कायद्यात चांगला मुरला होता. इंग्लंडमध्ये १८५५ साली ‘मर्यादित जबाबदारी’चा कायदा झाला, आपल्याकडे १८५७ साली, ऐन बंडाच्या वर्षी. मर्यादित जबाबदारी म्हणजे, कंपनी बुडाली तर तुम्ही घातलेले पैसे गेले, बस्स. देणेकरी तुमच्या घरच्या भांड्याकुंड्यांना हात लावू शकत नाहीत. आपण नावापुढे ‘लि.’ लिहितो ते हे. यात वाईट काही नाही, हे आधीच सांगतो. एवढं संरक्षण नसतं तर रेल्वे आणि गिरण्यांत पैसे घालायला फारसं कुणी धजावलं नसतं.

पण या कायद्याची टोकाची गंमत बघायची तर लंडनच्या एका चांभाराकडे जायला हवं. ॲरन सॉलोमन हा चामड्याचे बूट करणारा, चांगला चालता धंदा असलेला माणूस. १८९२ मध्ये त्याने आपला धंदा कंपनीला विकला. कंपनीला निदान सात सभासद हवेत असा तेव्हाचा नियम. मग तो स्वतः, बायको, एक मुलगी आणि चार मुलगे. झाले सात! एकूण २०,००७ शेअर. त्यातले २०,००१ त्याचे आणि बाकीच्या सहा जणांचा एकेक. वर विक्रीच्या किमतीपैकी दहा हजार पौंड त्याने कंपनीवर कर्ज म्हणून ठेवले, तेही तारणासह. वर्षभरात संप आणि मंदीने कंपनी बसली. माल देणारे व्यापारी आले तर रांगेत सगळ्यात पुढे तारणवाल्याचा, म्हणजे सॉलोमनचाच कागद. खालच्या कोर्टांनी म्हटलं, हा सगळा बनाव आहे, कंपनी म्हणजे हाच. पण हाउस ऑफ लॉर्ड्सने नोव्हेंबर १८९६ मध्ये निकाल फिरवला. (कायद्याच्या पुस्तकांत तो १८९७ चा म्हणून सापडतो.) कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, तिचं देणं ते तिचं, सॉलोमनचं नव्हे. एका घरातली सात माणसं, एकाच टेबलावर जेवत असणार, आणि त्यांच्यात कायद्याने एक आठवी बसवली. तिला तोंडही नाही आणि पोटही नाही. जगातल्या निम्म्या कंपनी कायद्यांची पुस्तकं आजही या खटल्यापासून सुरू होतात.

आता याच्या शेजारी आपली नाटक कंपनी ठेवतो. तिचं छापील नाव बहुधा ‘मंडळी’च असायचं. किर्लोस्कर नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी. बोलताना मात्र लोक सर्रास ‘कंपनी’ म्हणायचे, गंधर्व कंपनी, अमकी कंपनी. ‘मंडळी’ हा इतका नेमका प्रतिशब्द आहे की ज्याने कुणी पहिल्यांदा वापरला त्याला नमस्कार करावासा वाटतो. (आणि मराठीत ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको, हा अर्थ तर त्या लॅटिनवाल्यांनाही सुचला नसता.) या कंपन्या गावोगाव फिरायच्या त्या आचारी आणि भांडीकुंडी घेऊनच. राजाचं काम करणारा आणि पडदा ओढणारा, सगळ्यांची पानं बिऱ्हाडी मांडली जायची. शब्दाचा जुना अर्थ इतका शाबूत मला दुसरीकडे दिसला नाही.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत सुरू झाली. पुढे भागीदार वेगळे झाले आणि कंपनीवर प्रचंड कर्ज झालं. नादारी घ्या, मोकळे व्हा, असा व्यवहारी सल्ला बालगंधर्वांना मिळाला. त्यांनी तो घेतला नाही. रात्रीमागून रात्री नाटकं करून पुढच्या काही वर्षांत कर्ज फेडलं. व्यवहारात ते कच्चेच होते, उधळपट्टीही कमी नव्हती, हे त्यांचे चाहतेही सांगतात. पण ‘कंपनी वेगळी आणि मी वेगळा’ हे वाक्य त्यांच्या तोंडी आलंच नसतं. सॉलोमन शहाणा की बालगंधर्व, हे आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवावं.

१ जून १९२९ ला कोल्हापुरात पाच जणांनी मिळून प्रभात फिल्म कंपनी काढली. ती बंद झाली तरी पुण्यात तिच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. ईस्ट इंडिया कंपनी गेली ती तारीखही १ जूनच. असो, तारखांचे खेळ पुरे.

हे कायद्याचं वगैरे मी मुळात वाचायला लागलो ते बाबांमुळे. बाबा सव्वीस वर्षं एका कंपनीत होते, फिटर. नाव लिहीत नाही, आता त्या जागेवर चार टॉवर आणि एक पोहण्याचा तलाव आहे. आमच्या घरात ती कधी नावाने ओळखलीच गेली नाही. नुसती ‘कंपनी’. कंपनीला सुट्टी आहे, कंपनीने डबा दिला (दिवाळीला, स्टीलचा, त्यावर बाबांचा टोकन नंबर कोरलेला), कंपनीत विचारून बघतो. लहानपणी मला कंपनी ही कुणी तरी बाई वाटायची. बऱ्यापैकी दिलदार, पण वेळेच्या बाबतीत कडक.

पहिल्या पाळीचं जेवण अकरा वाजता. कँटीनमध्ये लांबलचक टेबलं, कूपन द्यायचं, दोन चपात्या, उसळ, भात, आमटी आणि बुधवारी गोड. बाबांच्या टेबलावर तेच आठ जण वर्षानुवर्षं. त्यात एक सांगोल्याचे, एक केरळचे, एक उत्तर प्रदेशातले भैयाजी. घरून आणलेल्या लोणच्याची बरणी टेबलाच्या मधोमध. आंबेडकर जयंतीला लाडू आणि ओणमला पायसम, दोन्ही त्याच टेबलावर. आजोबांच्या वेळी गावात कोणी कुणाशेजारी बसायचं याचे किती कडक नियम होते, ते बाबांनी पाहिलेले. त्यामुळे ते टेबल त्यांना किती मोलाचं होतं, हे मला आता कळतं.

१९९७ च्या फेब्रुवारीत एका सकाळी गेटला नोटीस लागली. बस आली नाही म्हणून लोक स्कूटरवर, सायकलवर पोचले आणि गेटाबाहेर उभे राहिले. पुढची तीन वर्षं युनियन, लेबर कोर्ट, मोर्चे. मग कंपनी अवसायनात निघाली. (हा शब्द मी तेव्हा शिकलो. आधी मला तो अवसान गळाल्यासारखा वाटला होता, आणि ते अगदीच चूक नव्हतं.) ग्रॅच्युइटी आणि थकलेला पगार मिळून बाबांचे एक लाख ऐंशी हजार अडकले होते. मालकांचा बंगला जागच्या जागी होता, गाड्याही होत्या. वकिलाने समजावून सांगितलं की कंपनी वेगळी आणि मालक वेगळे, कंपनीकडे आता यंत्रांच्या भंगाराशिवाय काही नाही, आणि त्यावर बँकेचाही हक्क आहे. १९८५ च्या दुरुस्तीमुळे निदान कामगारांचं देणं बँकेच्या बरोबरीने धरतात, नाहीतर पूर्वी तेही नव्हतं. बाबा सगळं ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी विचारलं, ‘ते बरोबर आहे साहेब. पण मग कंपनी म्हणजे कोण?’

वकील हसला नाही, याबद्दल मला त्याचा अजून आदर आहे. तो म्हणाला, ‘काका, कायद्याने ती एक व्यक्ती आहे. पण तिला भेटता येत नाही.’

पैसे आले ते २००९ मध्ये, अडकलेल्यातले निम्म्याहून कमी. त्याआधी बाबांनी एका वर्कशॉपमध्ये काम धरलं, नंतर एका सोसायटीचा हिशेब बघितला. पण अकराचं जेवण त्यांनी सोडलं नाही. आईला भूक दीडला लागायची, त्यामुळे बरेच दिवस ते एकटेच बसायचे. पुढे त्या टेबलावरच्या आठ जणांनी महिन्याच्या पहिल्या बुधवारी कुणा एकाच्या घरी जमायला सुरुवात केली. जेवण अकरालाच, आणि बुधवार म्हणून गोड हवंच. आईने पहिल्यांदा विचारलं, ‘कोण कोण येणार आहे?’ बाबा म्हणाले, ‘सगळी कंपनी.’

मुंबईत गिरणगावात हेच काम खानावळींनी केलं. तिथे लोक ‘गिरणी’ म्हणायचे, कंपनी नव्हे. कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या गड्यांना चाळीतल्या बायका दोन वेळ जेवू घालायच्या. संप झाला की उधारीवर. याच बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकांकडून कर्जं मिळवून दिली. या खानावळींना कुणी कधी कंपनी म्हटल्याचं ऐकलं नाही. मंडळ म्हणजे ‘मंडळी’ची बहीणच, त्यामुळे मला ते चालतं.

आणि आता २०१३ चा कंपनी कायदा. त्यात एक नवा प्रकार आला, ‘वन पर्सन कंपनी’. एका माणसाची कंपनी! सॉलोमनला निदान बायकामुलांच्या सह्या गोळा कराव्या लागल्या होत्या, आता तेवढीही खटपट नाही. एकटाच भाकरी खाणारा, तरी त्याचं नाव ‘सह-भाकरी’. माझा एक आतेभाऊ सॉफ्टवेअरची फुटकळ कामं घरून करतो, त्याने मध्यंतरी अशी कंपनी काढली. मी त्याला ही लॅटिनची कथा अगदी उत्साहाने सांगितली. त्याला जीएसटीची घाई होती. :-)

पण त्याच कायद्यात एक कलम आहे, ते मला माहीत नव्हतं. एकट्याची कंपनी काढताना दुसऱ्या एका माणसाचं नाव द्यावंच लागतं, त्याच्या लेखी संमतीसकट. हा एकटा गेला किंवा अंथरुणाला खिळला तर सभासद म्हणून त्याच्या जागी कोण, ते. आतेभावाने माझं नाव घातलं होतं आणि सहीसाठी कागद घेऊन तो रविवारी सकाळी घरी आला. लग्न केलेलं नाही, आत्या गेली, दुसरं कुणाचं नाव घालणार, असं तो सहज बोलून गेला. मी सही केली. बाबांनी चष्मा लावून तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, खालची माझी सही नीट बघितली, आणि घड्याळाकडे बघून त्याला म्हणाले, ‘पावणेअकरा झालेत. जेवूनच जा.’